कपाटातल्या बाटलीची कुळकथा

निगडी-प्राधिकरणातल्या किंवा पिंपळे सौदागरच्या बऱ्याच घरांत दिवाणखान्यात एक काचेचं कपाट असतं. वरच्या फळीवर कंपनीतल्या पंचवीस वर्षांच्या नोकरीची ढाल, मुलांच्या स्पर्धांची पदकं. खालच्या फळीवर व्हिस्कीच्या सात-आठ बाटल्या. चाकणच्या मोटार कारखान्यांतली माणसं जर्मनीला, कोरियाला कामासाठी जातात आणि येताना विमानतळावरच्या ड्युटी फ्री दुकानातून माणशी दोन लिटरच्या मर्यादेत बसेल ते घेऊन येतात. त्यातली एखादी बाटली पाहुणे आले की उघडली जाते. एखादी मात्र वर्षानुवर्षं तशीच राहते. तिच्यावर पिंपाचा क्रमांक असतो, बाटलीचा क्रमांक असतो, आणि घरातली सगळी तिला हात लावायला कचरतात. पिण्यासाठी केलेली वस्तू न पिता जपण्याची ही रीत फार जुनी नाही, पण तिचं कूळ मोठं रंजक आहे आणि त्याची एक शाखा आपल्याही मुलखात आहे.

दोनशे वर्षांपूर्वी व्हिस्कीला स्वतःची बाटलीच नव्हती. स्कॉटलंडमधला किराणा दुकानदार डिस्टिलरीकडून पिंप विकत घ्यायचा आणि गिऱ्हाईक आपलं भांडं घेऊन दुकानात यायचं. जॉन वॉकर हा असाच एक किराणावाला. त्यानं 1820 साली किल्मारनॉक गावात दुकान थाटलं. चहाची मिश्रणं करणाऱ्या हातांनी वेगवेगळ्या पिंपांतली व्हिस्की मिसळणं ओघानंच आलं. पुढे 1860 च्या कायद्यानं माल्ट आणि इतर धान्यांची व्हिस्की कर भरण्याआधीच गोदामात मिसळायला परवानगी दिली आणि या धंद्याला बळ आलं. वॉकरचा मुलगा अलेक्झांडर यानं चौकोनी बाटली आणली. खोक्यात जास्त बाटल्या बसाव्यात आणि जहाजावर कमी फुटाव्यात, एवढाच हेतू. आज जगभर ओळखला जाणारा तो आकार वाहतुकीच्या हिशेबातून आलेला आहे. चाकणच्या पॅकेजिंग विभागात काम करणाऱ्या कुणालाही तो हिशेब लगेच पटेल.

अमेरिकेतली गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते या कुळाचा मूळपुरुष तिथेच सापडतो. तिथल्या मधल्या व्यापाऱ्यांनी भेसळीचा कळस केला होता. साध्या अल्कोहोलमध्ये तंबाखू, आयोडीन, फळांचा रस असलं काहीबाही घालून रंग आणायचा आणि ते जुनी बर्बन व्हिस्की म्हणून विकायचं. 1870 मध्ये लुईव्हिलच्या जॉर्ज गार्विन ब्राऊन यानं ‘ओल्ड फॉरेस्टर’ ही बर्बन फक्त सीलबंद काचेच्या बाटलीतून विकायला सुरुवात केली. पिंपात कुणीही हात घालू शकत होतं. बंद बाटलीत घालायचा तर सील तोडावं लागे. मग 3 मार्च 1897 रोजी ‘बॉटल्ड इन बाँड’ कायदा झाला. त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत: व्हिस्की एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान चार वर्षं ठेवलेली आणि बरोबर 50 टक्के अल्कोहोलची. त्या बाटलीच्या बुचावर सरकारी शिक्क्याची हिरवी पट्टी लागायची. भारतात अन्नभेसळीचा कायदा 1954 साली आला हे लक्षात घेतलं, तर त्या हिरव्या पट्टीचं मोल कळतं.

लेबलवर छापलेलं वचन आणि त्या वचनामागे उभा असलेला कायदा, यातूनच पुढे संग्राहक जन्माला आला. बाटलीत काय आहे याची खात्री नसेल तर ती जपून ठेवण्यात अर्थच नाही. वय, दर्जा, दुर्मीळपणा हे सगळं त्यानंतरचं.

दुर्मीळपणा मात्र मुद्दाम कुणी घडवला नाही. तो मंदीनं घडवला. 1970 नंतर जगाची तहान व्होडकाकडे आणि वाइनकडे वळली. स्कॉटलंडच्या गोदामांत न खपलेली व्हिस्की साठत गेली आणि 1983 साली डिस्टिलर्स कंपनीनं एकामागून एक डिस्टिलऱ्या बंद केल्या. आयला बेटावरची पोर्ट एलन आणि उत्तरेकडची ब्रोरा त्यातच गेल्या. त्या वेळी कुणी हळहळलं नाही. दोन्ही ठिकाणची व्हिस्की मुख्यतः मिश्रणात जात होती. पण पिंपं गोदामात शिल्लक होती. 2001 पासून पोर्ट एलनची जुनी व्हिस्की दर वर्षी मोजक्या बाटल्यांत बाजारात येऊ लागली आणि कारखाना बंद असल्यामुळे प्रत्येक बाटलीगणिक साठा कायमचा कमी होत गेला. किमती एवढ्या चढल्या की मालकांनी ब्रोरा 2021 मध्ये आणि पोर्ट एलन 2024 मध्ये पुन्हा सुरू केली. पिंपरी-चिंचवडनं बंद पडलेले कारखाने पुष्कळ पाहिले, त्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवरही पाहिले. बंद कारखान्याच्या शिल्लक मालानं तो कारखाना पुन्हा उभा केल्याचं असं उदाहरण मात्र विरळाच.

अमेरिकेतही बर्बनची तीच दशा होती. केंटकीत फ्रँकफर्ट इथल्या डिस्टिलरीत एल्मर ली नावाचे अनुभवी डिस्टिलर होते. 1984 मध्ये त्यांनी ‘ब्लँटन्स’ आणली. अनेक पिंपं एकत्र करण्याऐवजी एकच निवडक पिंप, आणि त्याच पिंपातली व्हिस्की एका बाटलीत. घरच्या बाजारानं फारशी दाद दिली नाही. तिचं चीज केलं जपाननं. ही बाटली एकदा हातात घेऊन बघावी. गोल, पैलू पाडल्यासारखी काच. लेबलवर पिंप रिकामं केल्याची तारीख, पिंपाचा क्रमांक, गोदामाचं अक्षर, गोदामातल्या मांडणीचा क्रमांक, बाटलीचा क्रमांक. बुचावर धातूचा घोडा आणि त्यावर स्वार. असे आठ वेगवेगळे घोडे आहेत. पहिला उभा, पुढचे दौडीच्या एकेका टप्प्यावर, शेवटचा शर्यत जिंकलेला. प्रत्येकाच्या पायाशी एक बारीक अक्षर, आणि आठ अक्षरं जुळली की व्हिस्कीचं नाव पूर्ण होतं. आत कोणतं बूच आहे हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. त्या आठ घोड्यांपायी माणसं देशोदेशी दुकानं पालथी घालतात.

आणि संग्रहाच्या शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर स्कॉटलंडची मॅकॅलन. 1926 साली गाळलेलं, 263 क्रमांकाचं एक पिंप 1986 मध्ये उघडलं, तेव्हा त्यातून जेमतेम 40 बाटल्या भरल्या. त्यांतल्या 12 बाटल्यांची लेबलं व्हालेरियो आदामी या इटालियन चित्रकारानं केली. तसली एक बाटली नोव्हेंबर 2023 मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे 22 लाख पौंडांना गेली.

आता आपल्याकडे येऊ. चाकणहून तळेगावला जाताना हे आठवावं की काचेच्या उद्योगाचा या भागातला पहिला ठसा तळेगाव दाभाड्याचा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या पैशांतून 1908 साली तळेगावला काच कारखाना निघाला. परदेशात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे कारागीर घडवू लागले. त्याच 1908 साली पुण्यात टिळकांचे अनुयायी दारूच्या दुकानांपुढे उभे राहून गिऱ्हाइकांना परत पाठवत होते. काच स्वदेशी हवी आणि दारू नको, या दोन्ही गोष्टी एकाच चळवळीत होत्या आणि त्या पिढीला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं.

तोच विचार पुढे कायद्यात उतरला. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे, आणि म्हणूनच इथे दारू बाळगायला परवाना लागतो. पूर्ण बंदीच्या आणि नंतर आयातबंदीच्या दशकांत खरी स्कॉच म्हणजे चोरवाटेनं आलेला माल. त्या काळात रिकाम्या बाटलीलाही मान होता. व्हॅट 69 च्या बाटलीत मनीप्लँट लावलेली किंवा फ्रिजमध्ये पाणी भरून ठेवलेली घरं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. रिकाम्या बाटल्यांना दुसरं गिऱ्हाईकही होतं: त्यांत भलतंच काही भरून विकणारे. लुईव्हिलचा 1870 चा प्रश्न आपल्या दाराशी शंभर वर्षांनी आला.

देशी व्हिस्की होती, पण ती उसाच्या मळीची. महाराष्ट्रात साखर कारखाने उभे राहिले, मळी मुबलक झाली, तिचं अल्कोहोल काढून त्यात चव-रंग आणि थोडं माल्ट मिसळून व्हिस्की होऊ लागली. जगाच्या दृष्टीनं ती रमची चुलत बहीण; बार्लीशी तिचा संबंध बेताचाच. इथे एक खटला सांगायलाच हवा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी नगर जिल्ह्यात लोणीला उभा केलेला प्रवरा सहकारी साखर कारखाना ही सहकाराची गंगोत्री. या कारखान्यानं ‘ड्रम बीटर’ आणि ‘गोल्ड टायकून’ नावांची व्हिस्की काढली. लेबलवर स्कॉटिश झगा घातलेला ढोलवादक, चौकड्यांची पट्टी आणि स्कॉच मिसळल्याचा उल्लेख. स्कॉच व्हिस्की असोसिएशन मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यायालयानं मनाई हुकूम दिला. उलट बंगळूरच्या खोडे कंपनीच्या ‘पीटर स्कॉट’विरुद्धचा असाच दावा 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, असोसिएशन फार उशिरा जागी झाली, हे त्याचं एक मोठं कारण. मला लोणीच्या शेतकऱ्यांबद्दल नितांत आदर आहे. त्यांनी ऊस पिकवला, कारखाना काढला, मळीसुद्धा वाया जाऊ दिली नाही. पण आपल्या मालावर आपलंच नाव टाकायचा विश्वास त्या लेबलमध्ये नव्हता, आणि न्यायालयाचा निर्णय योग्यच होता.

तो विश्वास दिसला गोव्यात. 2004 मध्ये बंगळूरच्या ‘अमृत’नं भारतीय सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीतली निव्वळ बार्लीच्या माल्टची व्हिस्की, ग्लासगोत नेऊन वाट मोकळी केली होती. त्यानंतर दक्षिण गोव्यात कुंकळ्ळी इथल्या डिस्टिलरीत तयार झालेली ‘पॉल जॉन’ 2012 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये आली. पहिलीच बाटली एकाच पिंपाची, नाव ‘सिंगल कास्क 161’. भारतीय सहा-ओळी बार्ली, तांब्याची भांडी, धुरकट चवीसाठी स्कॉटलंडहून आणलेलं पीट (दलदलीतलं जळण), आणि मुरवायला अमेरिकेतली वापरलेली बर्बनची पिंपं. ही पिंपं स्वस्त मिळण्याचं कारणही कायदाच: बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्याच पिंपात मुरवावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेलं पिंप तिथल्या बर्बनसाठी बाद. ते स्कॉटलंडला जातं, किंवा कुंकळ्ळीला येतं. आणखी एक सोयरीक अशी की ज्या सॅझरॅक कंपनीच्या डिस्टिलरीत ब्लँटन्स तयार होते, तिनंच पुढे पॉल जॉनच्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला.

पॉल जॉननं राशींवर मर्यादित बाटल्यांची मालिका काढली. आधी कन्या, मग मिथुन. व्हिस्की समीक्षक जिम मरे यांच्या 2021 च्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये मिथुनला जगात तिसरा क्रमांक मिळाला. या बाटल्यांवर झगा नाही, ढोल नाही, उसनं आडनाव नाही. पुढे फ्रेंच कंपनी पेर्नो रिकारनंही नाशिकजवळच्या दिंडोरीतून ‘लाँगिट्यूड 77’ ही सिंगल माल्ट काढली, म्हणजे हे कूळ आता महाराष्ट्रातही रुजलं आहे.

आपल्या कपाटवाल्यांना एक गोष्ट मात्र नीट कळायला हवी. ‘पंचवीस वर्षांची भारतीय’ म्हणून कुणी बाटली दाखवली तर आधी गणित करावं. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातली सुमारे 2 टक्के व्हिस्की दर वर्षी उडून जाते. गोव्याच्या उष्म्यात सुमारे 8 टक्के. 200 लिटरच्या पिंपात गोव्यात सहा वर्षांनी साधारण 121 लिटर उरतात. स्कॉटलंडमध्ये तेवढी घट व्हायला पंचवीस वर्षं लागतात. गोव्यातच पंचवीस वर्षं ठेवली तर पिंपात पंचवीस लिटरही राहायची नाही आणि जी राहील ती लाकडाचा काढा झालेली असेल. म्हणून आपल्याकडच्या चांगल्या माल्टच्या बाटल्यांवर बहुधा वय छापत नाहीत, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. वयाच्या आकड्यावर किंमत ठरवायची सवय थंड मुलखातली आहे.

येत्या काळात ही कपाटं भरत जाणार. महाराष्ट्र सरकारनं नोव्हेंबर 2021 मध्ये आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क 300 वरून 150 टक्क्यांवर आणलं. केंद्रानं फेब्रुवारी 2025 मध्ये बर्बनवरची आयात जकात 150 वरून 100 टक्के केली. जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात स्कॉचवरची जकात 150 वरून आधी 75 आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. बाटल्या जशा स्वस्त होतील तशा नकली बाटल्याही वाढतील, कारण नकली माल नेहमी ज्याची चलती आहे त्याचाच निघतो.

तेव्हा ज्यांना संग्रह करायचा आहे त्यांनी परवाना काढावा आणि किती बाटल्या जवळ बाळगता येतात त्याची मर्यादा पाळावी. बाटली उभी ठेवावी, आडवी नको. तीव्र अल्कोहोलमुळे बूच झिजतं. ऊन लागू देऊ नये. खरेदीची पावती बाटलीसोबत जपावी. व्हॉट्सॲपवर ‘ओळखीतून’ येणाऱ्या बाटलीला नाही म्हणावं. परवान्याशिवाय दारू विकणं गुन्हा आहे, त्यामुळे ती बाटली पुढे तुम्हालाही विकता येणार नाही. आणि बाटली संपली की खोकं, बूच आणि बाटली एकत्र भंगारात देऊ नका. लेबल खरवडून काढा, बूच वेगळं टाका, मगच काच भंगारवाल्याला द्या.