कॅमेऱ्याचा आवाज

फोटो काढण्याला आपण हल्ली सर्रास ‘शूट केलं’ म्हणतो. जंगलाच्या बाबतीत हा शब्द जरा जास्तच चपखल बसतो, कारण तिथल्या पहिल्या फळीतले बरेच फोटोग्राफर मुळात शिकारी होते.

जॉर्ज शिरास हा अमेरिकन वकील घ्या. मिशिगनच्या तळ्यांवर रात्री होडीत दिवा लावून हरणं मारायची एक पद्धत होती. दिव्याकडे बघत हरीण जागीच थिजतं, मग गोळी. शिरासने बंदूक ठेवून कॅमेरा घेतला, बाकी सगळं तेच! वर मॅग्नेशियम पावडरीचा भडका. १९०६ च्या जुलैत ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने त्याचे ७४ फोटो छापले आणि लोक थक्क झाले. हरीण मेलं नाही हे खरंच मोठं पाऊल होतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर मध्यरात्री वीज कोसळली, त्याचं काय?

शिरासची दुसरी युक्ती होती वाटेवर दोरी लावायची. प्राण्याचा पाय लागला की कॅमेरा आपोआप चालणार, माणूस गायब. हीच पद्धत वापरून संयुक्त प्रांतातला वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन याने वाघांचे फोटो मिळवले. १९२५ साली ते लंडनमध्ये छापून आले. पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखता येतो हे त्याच्या लक्षात आलं होतं. आजची व्याघ्रगणना कॅमेरा ट्रॅप लावून याच तत्त्वावर होते. फ्लॅशचा भडका मात्र चँपियनलाही चुकला नव्हता.

आता कॉर्बेट. हो, तोच, नरभक्षकवाला. चँपियनचे फोटो पाहून त्याने ठरवलं की आपण दिवसाउजेडी वाघ टिपायचे, फ्लॅशशिवाय. हातात १६ मिमी चित्रपट कॅमेरा. तर अडचण काय निघाली? कॅमेऱ्याची घरघर! वाघाला ती लगेच ऐकू जायची आणि मग पुढचं चित्रण संपलंच. (आम्हा प्रोग्रॅमर लोकांना हे दुखणं ओळखीचं आहे. बग बघायला लॉग लावावा, तर बगच वागणूक बदलतो.)

यावर कॉर्बेटने जे केलं ते मला त्याच्या सगळ्या शिकारींपेक्षा भारी वाटतं. त्याने जंगलातल्या एका बारक्या ओढ्यावर छोटे छोटे बांध घातले. पाणी त्यावरून पडायला लागलं आणि त्या खळखळाटात कॅमेऱ्याचा आवाज बुडून गेला. या प्रयत्नांत त्याची दहा वर्षं गेली, शेवटी एकाच फिल्मवर सात वाघ आले. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ (१९४४) च्या शेवटच्या प्रकरणात हे सगळं आहे. नरभक्षकांच्या नादात बरेच जण ते वाचतच नाहीत.

आज आपल्याकडे आवाज न करणारे कॅमेरे आहेत, लांबूनही केस न् केस टिपणाऱ्या लेन्स आहेत. तरी ३१ डिसेंबर २०२४ ला आपल्याच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली, फोटोसाठी. व्हिडिओ फिरला, आणि २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाइड आणि चालकांवर कारवाई झाली. फोटो मात्र गाडीत मागे बसलेल्यांनी काढले होते.