पाणमांजराचें कातडें आणि समुद्रांतील रान

इ. स. १७४१ च्या नोव्हेंबर महिन्यांत 'सेंट पीटर' नांवाचें एक रशियन जहाज उत्तर पॅसिफिक महासागरांतील एका निर्जन बेटाशीं येऊन लागलें. खलाशी स्कर्व्हीच्या व्याधीनें जर्जर झाले होते. मोहिमेचा नायक व्हिटस बेरिंग डिसेंबरांत तेथेंच मरण पावला, आणि पुढें त्या बेटास त्याचेंच नांव मिळालें. जे वांचले त्यांनीं समुद्री पाणमांजरांच्या मांसावर तो हिवाळा काढिला. मोहिमेबरोबर गेओर्ग स्टेलर हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ होता. त्यानें या प्राण्याचें बारकाईनें वर्णन लिहून ठेविलें. फुटक्या जहाजाच्या लांकडांतून दुसरें लहान जहाज बांधून ४६ माणसें १७४२ च्या ऑगस्टमध्यें कामचट्कास परतलीं. त्यांच्याजवळ पाणमांजरांचीं शेंकडों कातडीं होतीं. बेरिंगच्या सफरीनें भूगोलांत किती भर पडली, हें विद्वानांनीं ठरवावें. व्यापाऱ्यांची नजर कातड्यांवर गेली.

देवमासा किंवा सील यांच्या अंगांत थंडी अडविणारा चरबीचा जाड थर असतो. समुद्री पाणमांजरास तो नाहीं; त्याची सारी भिस्त केसांवर. एवढी दाट लोंकर दुसऱ्या कोणत्याही प्राण्याच्या अंगावर आढळत नाहीं. शिवाय शरीर ऊबदार ठेवण्यासाठीं त्यास रोज आपल्या वजनाच्या सुमारें चतुर्थांशाइतकें अन्न पोटांत घालावें लागतें. या दोन गोष्टींपैकीं पहिलीनें त्याचा घात केला. दुसरीचें महत्त्व कळावयास दोन शतकें लागलीं.

चीनमधील मांचू सरदारांना हें कातडें फार प्रिय. रशियन शिकारी सैबेरियाच्या सरहद्दीवरील क्याख्ता या पेठेंत तीं नेऊन विकीत. एका बेटावरचीं जनावरें संपलीं कीं ते पूर्वेकडील पुढच्या बेटावर जात. याच क्रमानें ते अल्यूशन बेटांची सारी माळ ओलांडून अलास्कास पोहोंचले. शिकार करण्याचें खरें कौशल्य मात्र तेथील अल्यूत लोकांचें. त्यांच्या बायकापोरांना ओलीस ठेवून पुरुषांना समुद्रावर धाडण्यांत येई. 'व्यापार' हा शब्द या व्यवहारास कितपत शोभतो, तें वाचकांनींच पाहावें. १७७८ सालीं कॅप्टन कुकचीं जहाजें अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नूटका येथें थांबलीं, आणि तेथें किरकोळ मोलानें घेतलेल्या कातड्यांना पुढें कँटनमध्यें भरमसाट किंमत आली. ही वार्ता मुंबईपर्यंत पोहोंचली. १७८५ च्या अखेरीस जेम्स स्ट्रेंज याच्या हाताखालीं दोन जहाजें मुंबई बंदरांतून थेट नूटकास जाण्यासाठीं निघालीं. कातडीं मिळालीं, पण खर्चाच्या मानानें फार थोडीं.

१७९९ मध्यें रशियन-अमेरिकन कंपनी स्थापन झाली; १८६७ मध्यें अलास्का अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना विकण्यांत आला. मालक बदलले, शिकार चालूच राहिली. १९११ मध्यें रशिया, जपान, ब्रिटन व अमेरिका यांनीं करार करून पाणमांजरांस संरक्षण दिलें, तेव्हां पूर्वींच्या दीड ते तीन लाखांपैकीं हजार-दोन हजारच शिल्लक असावींत, असा अंदाज आहे.

व्यापाराच्या वह्यांत कातड्यांची नोंद झाली. पाण्याखालीं काय घडलें तें कोणीच टिपलें नाहीं. या थंड समुद्रांत किनाऱ्यालगत केल्प नांवाच्या प्रचंड शैवालाचीं रानें असतात. त्यास खरीं मुळें नसतात. बुडख्यानें तें खडकास घट्ट धरून राहतें, आणि त्याचे पट्टे पृष्ठभागापर्यंत चढतात. त्यांच्या आश्रयानें मासे, खेकडे, शिंपले नांदतात. या रानाचा वैरी म्हणजे सी-अर्चिन: साळिंदरासारखे अंगभर कांटे, गोल कवच, तोंड खालच्या अंगास व त्यांत पांच दांत. पाणमांजराचें भय असेल तोंवर अर्चिन कपारींत दडून बसतो आणि वाहत आलेल्या पानांवर भागवितो. भय सरलें कीं तो बाहेर पडतो व बुडखाच कुरतडतो. बुडखा तुटला कीं सारें झाड लाटेबरोबर वाहून जातें. अशा टोळ्या फिरल्या कीं मागें उघडा खडक तेवढा उरतो. शिवाय अर्चिन उपाशीपोटींही दीर्घकाळ तग धरतो. त्यामुळें एकदां उजाड झालेला तळ आपोआप हिरवा होत नाहीं.

ही गोष्ट उघडकीस आली ती अल्यूशन बेटांपैकीं अमचित्का येथें. अमेरिकेनें ज्या १९७१ सालीं या बेटाच्या पोटांत प्रचंड अण्वस्त्रस्फोट केला, त्याच वर्षीं जेम्स एस्टीस हा तरुण संशोधक तेथें काम करीत होता. केल्पचें रान पाणमांजरांस कसें पोसतें, हा त्याचा प्रश्न. तेथें आलेल्या रॉबर्ट पेन या प्राणिशास्त्रज्ञानें तो उलटा करून पाहण्यास सुचविलें: पाणमांजरें रानाचें काय करतात? करारानंतर अमचित्काभोंवतीं पाणमांजरांची पुन्हां दाटी झाली होती. साडेतीनशें किलोमीटरांवरील शेम्या बेटाशीं तीं अद्याप परतलीं नव्हतीं. एस्टीस शेम्याच्या पाण्यांत उतरला. तळाशीं जिकडे तिकडे मोठमोठे अर्चिन, आणि केल्पचें नांव नाहीं. अमचित्काशीं घनदाट रान, आणि अर्चिन लहान व दडलेले. जॉन पामिसानो याच्यासह त्यानें हें निरीक्षण १९७४ मध्यें प्रसिद्ध केलें.

सारा दोष रशियन शिकाऱ्यांच्या माथीं मारणेंही बरोबर नव्हे. अमचित्कावरील अल्यूतांचे जुने उकिरडे खणले, तेव्हां कांहीं थरांत अर्चिनचीं कवचें विपुल निघालीं. त्यावरून, युरोपीय येण्यापूर्वींही वस्तीजवळचीं पाणमांजरें शिकारीनें विरळ होत व तळ तेवढ्यापुरता उजाड होई, असें अनुमान १९७८ मध्यें मांडण्यांत आलें. मात्र तें एकेका गांवापुरतें होतें. क्याख्ताच्या पेठेनें संपूर्ण बेटमाळ रिकामी केली.

१९९० नंतरच्या दशकांत अल्यूशनचीं पाणमांजरें पुन्हां झपाट्यानें घटूं लागलीं, आणि या खेपेस बंदूक कोणाच्याच हातीं नव्हती. अडाक बेटावर एक उथळ खाजण आहे. तेथें ओर्का हा शिकारी देवमासा शिरूं शकत नाहीं. तेथील पाणमांजरें टिकलीं. शेजारच्या उघड्या उपसागरांतील १९९३ ते १९९७ या चार वर्षांत तीन-चतुर्थांशांहून अधिक नाहींशीं झालीं. म्हणून एस्टीस व त्याचे सहकारी यांनीं १९९८ मध्यें ओर्कावर बोट ठेविलें. ओर्का या लहान भक्ष्याकडे कां वळला, याविषयीं शास्त्रज्ञांत एकमत नाहीं. तळाशीं मात्र अर्चिनांचें राज्य पुन्हां सुरू झालें. केल्प संपल्यावर त्यांनीं खडकावरील गुलाबी, चुनखडीसारख्या कठीण शैवालास तोंड लावलें. हें शैवाल वर्षास एक मिलीमीटरही वाढत नाहीं. समुद्र तापत व आम्ल होत असल्यानें तें आतां अधिकच ठिसूळ झालें आहे, आणि शेंकडों वर्षांत बसलेले त्याचे थर अर्चिनांचे दांत पोखरीत आहेत, असें २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें.