सीमेवरची परमार्थपरंपरा

अनगोळ हे गाव आज बेळगाव शहरात मिसळून गेले आहे. त्याच्या शेजारच्या हिंदवाडीत गुरुदेव रानडे मंदिर आहे. तत्त्वज्ञान आणि धर्म यांच्या तौलनिक अभ्यासासाठी १९५२ साली बेळगावात जी अकादमी स्थापन झाली, तिचे हे स्थान. ज्यांच्या प्रेरणेने ती उभी राहिली, ते डॉ. रामचंद्र दत्तात्रेय रानडे हे विद्वान होते, तसेच साधकही होते. ज्या प्रदेशात भाषेच्या प्रश्नाने अनेक पिढ्यांची मने दुखावली, त्याच प्रदेशाने त्यांना घडविले. त्यांच्या परंपरेचा इतिहास म्हणूनच आजही विचारात घेण्याजोगा आहे.

ही परंपरा निंबरगीच्या महाराजांकडून आली. ते लिंगायत समाजातले. त्यांचा उपदेश कन्नड भाषेत. त्यांचे शिष्य भाऊसाहेब महाराज (१८४३–१९१४) हे उमदीचे देशस्थ ब्राह्मण. गुरूची जात वेगळी, भाषा वेगळी. तरीही शिष्याने त्यांच्याकडून नाम घेतले आणि पुढे इंचगेरी येथे मठ स्थापिला. त्या मठाच्या नित्यक्रमात समर्थांचा दासबोध वाचला जातो आणि मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांतील भजने होतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा इंचगेरी त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेली. उमदी मात्र आज महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यात आहे. शिष्याचे जन्मगाव एका राज्यात आणि त्याचा मठ दुसऱ्या राज्यात! नकाशावरील रेघ परंपरेच्या मधून गेली, पण परंपरा दुभंगली नाही.

रानडे यांचा जन्म १८८६ साली जमखंडी संस्थानात झाला. शाळेत शिकत असतानाच, १९०१ साली, त्यांना भाऊसाहेब महाराजांचा अनुग्रह लाभला. पुढे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केले; नंतर अलाहाबाद विद्यापीठात ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि तेथील कुलगुरुपदही त्यांनी भूषविले. उपनिषदांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२६ साली व महाराष्ट्रातील संतांवरील ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला. हिंदी संतवाङ्मयावरील ग्रंथ १९५४ साली आला, आणि कन्नड संतवाङ्मयावरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९६० साली. ६ जून १९५७ रोजी निंबाळ येथील आश्रमात त्यांचे देहावसान झाले.

१९३३ च्या ग्रंथात त्यांनी आपल्या संतांचे स्वभावविशेष मोठ्या मार्मिकतेने वेगळे केले आहेत. ज्ञानेश्वरांचा मार्ग बुद्धीचा, नामदेवांचा लोकाभिमुख, एकनाथांचा समन्वयाचा, तुकारामांचा व्यक्तिगत जिव्हाळ्याचा आणि रामदासांचा कर्मप्रधान. संत सारे एका साच्याचे नसतात, हे त्यामुळे ध्यानात येते. शिवाय हे संत त्यांनी जगाच्या पंक्तीला बसविले. तुकोबांना ईश्वराचा विरह असह्य झाला, त्या काळाचे वर्णन करताना त्यांनी ‘आत्म्याची काळरात्र’ ही कल्पना वापरली. ती कल्पना स्पेनमधील कॅथलिक संत योहान, ज्यांना क्रुसाचे योहान म्हणतात आणि जे १५९१ साली निवर्तले, त्यांच्या लेखनातून जगाला ठाऊक झाली आहे. देहूचा वाणी आणि स्पेनचा संन्यासी यांची भेट कधीच झाली नाही. वेदना मात्र एकमेकांस ओळखू यावी इतकी जवळची आहे.

याच परंपरेची एक शाखा सिद्धरामेश्वर महाराजांच्या द्वारे मुंबईत पोहोचली. त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज विडीचे दुकान चालवीत. त्यांची मराठी संभाषणे १९७३ साली इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि दूरदूरच्या देशांतील वाचक त्यांच्या माडीवर येऊन बसू लागले.

आज मनःशांतीची मागणी वाढली आहे, आणि ती पुरविणारे बाजारही वाढले आहेत. अशा वेळी रानड्यांनी दिलेली एक कसोटी मोलाची वाटते. आध्यात्मिक अनुभव खरा असेल तर त्याने माणसाचे शील उजळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ध्यानात प्रकाश दिसला, पण घरात क्रोध तसाच राहिला, व्यवहारातला लोभ सुटला नाही, तर त्या प्रकाशाचे मोल किती? ही कसोटी हिंदूला लागू आहे, ख्रिस्ती, मुसलमान, जैन यांनाही लागू आहे. कोणत्याही पंथाच्या माणसाने ती आधी स्वतःला लावावी.

अर्थात अध्यात्माचे नाव घेऊन न्यायाचा प्रश्न दडपणे योग्य नव्हे. मुलांना मातृभाषेत शिक्षण मिळावे, कचेरीतला कागद आपल्या भाषेत वाचता यावा, या मागण्या खऱ्या आहेत. त्यांचा निवाडा कायद्याने आणि लोकशाहीच्या मार्गानेच व्हावयास हवा. नामस्मरण हा त्याला पर्याय नव्हे. परंतु हक्कासाठी झगडणाऱ्याच्या मनात शेजाऱ्याविषयी द्वेष उरू नये, हे काम कायदा करू शकत नाही. ते अंतःकरणाच्या शिस्तीने होते.

ही शिस्त सीमाभागाला परकी नाही. कन्नड गुरूच्या मुखातून निघालेले नाम मराठी शिष्याने जपले, आणि त्याच्या मठात दोन्ही भाषांतील भजने एकाच टाळाच्या ठेक्यावर म्हटली गेली. वारसा तो हाच. तो ग्रंथालयाच्या कपाटात जपता येईल. पण त्याचे खरे जतन अनगोळच्या गल्लीत, बाजारात आणि शाळेच्या वर्गात, दुसऱ्याची भाषा कानी पडताच आपण कोणत्या मनाने ती ऐकतो, यावर अवलंबून आहे.