सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन: बिघाड कसा शोधायचा आणि अपडेट न घाबरता कसं करायचं?

मे महिना. अकोल्यात पारा ४५ च्या वर. दुपारी लाइन गेली, अर्ध्या तासाने आली. आता कॉलेजची वेबसाइट उघडत नाही, फी भरायचं पान नुसतं फिरतंय, लायब्ररीचं लॉगिनही होत नाही. ग्रुपवर मेसेज सुरू: "सगळंच काहून बंद आहे बे?"

तीन वेगळ्या सेवा एकाच वेळी झोपल्या, तर एक शक्यता आधी तपासावी: त्या तिन्ही एकाच मशीनवर चालत असतील. हे कसं चालतं, बिघडलं तर कुठून बघायचं आणि अपडेट कसं करायचं, ते या लेखात पाहू.

व्हर्च्युअलायझेशन म्हणजे काय?

एका प्लॉटवर एक घर बांधण्याऐवजी अपार्टमेंट बांधली, तर अनेक कुटुंबं राहू शकतात. प्रत्येकाचं दार वेगळं, पण पाण्याची टाकी आणि विजेची मेन लाइन एकच. सर्व्हरचंही तसंच. खऱ्या मशीनला होस्ट म्हणतात. त्यावर चालणारे वेगवेगळे 'संगणक' म्हणजे व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच व्हीएम. प्रोसेसर, रॅम आणि डिस्क या व्हीएममध्ये वाटून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे हायपरव्हायजर.

व्हीएमवेअर ईएसएक्सआय, मायक्रोसॉफ्ट हायपर-व्ही आणि लिनक्सच्या केव्हीएमवर उभं असलेलं प्रॉक्समॉक्स ही त्यातली प्रसिद्ध नावं. लॅपटॉपवर शिकायला व्हर्च्युअलबॉक्स पुरेसं आहे.

नेहमीचे बिघाड आणि उपाय

१. व्हीएम सुरूच होत नाही. नवीन मशीन असेल तर बायोसमध्ये जाऊन इंटेल व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही चालू आहे का बघा. एएमडीच्या बोर्डवर हाच पर्याय बरेचदा 'एसव्हीएम मोड' या नावाने असतो.

२. व्हीएम चालता चालता थांबली. सगळ्यात आधी होस्टची डिस्क बघा. व्हीएमला कागदावर ५०० जीबी दिलेली असते, पण जागा वापराप्रमाणे हळूहळू घेतली जाते. पाच जणांना असंच वाटलं की एक दिवस खरी डिस्क भरते. जुने स्नॅपशॉटही जागा खात बसतात. मात्र त्यांच्या फाइली हाताने डिलीट करू नका. सॉफ्टवेअरच्या मेनूमधूनच स्नॅपशॉट काढा, नाहीतर व्हीएमची डिस्क कायमची तुटू शकते.

३. लाइन गेल्यानंतर लॉगिन होत नाही. होस्टचं घड्याळ तपासा. मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला असेल तर वीज गेल्यावर तारीख मागे जाते. मग सुरक्षा प्रमाणपत्रं चुकीची ठरतात आणि पासवर्ड बरोबर असूनही आत जाता येत नाही. सेल बदला आणि वेळ एनटीपीने जुळवा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपी सर्व्हरशी जुळवायची आहेत.

४. प्रॉक्समॉक्स म्हणतं, 'व्हीएम लॉक आहे'. बॅकअप चालू असताना वीज गेली की हे होतं. कुठलंही बॅकअपचं काम खरंच चालू नाही ना, ही खात्री करा आणि मगच 'क्यूएम अनलॉक' ही आज्ञा त्या व्हीएमच्या क्रमांकासह द्या.

५. होस्ट आपोआप बंद पडतो. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात खोलीचा एसी, पंख्यांवरची धूळ आणि यूपीएसची बॅटरी आधी बघा. यूपीएसला डेटा केबल जोडून ठेवा, म्हणजे बॅटरी संपायच्या आत व्हीएम नीट बंद करण्याची सोय करता येते.

ईएसएक्सआयचा होस्ट पूर्ण कोसळला तर जांभळा स्क्रीन येतो. रीस्टार्ट करण्याआधी मोबाईलने त्याचा स्पष्ट फोटो काढा. कारण शोधायला तोच फोटो कामी येतो.

अपडेट टाळलं तर काय होतं?

"चालू आहे ना, मग हात कशाला लावायचा?" हे वाक्य प्रत्येक सर्व्हर रूममध्ये ऐकू येतं. त्याची किंमत फेब्रुवारी २०२३ मध्ये दिसली. ईएसएक्सआय-आर्ग्स नावाच्या रॅन्समवेअरने जगभरातले हजारो ईएसएक्सआय सर्व्हर गाठले आणि त्यांच्यावरच्या व्हीएमच्या फाइली कुलूपबंद केल्या. फ्रान्सच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने ३ फेब्रुवारीला इशारा दिला. हल्ल्यासाठी ज्या जुन्या त्रुटीकडे बोट दाखवलं गेलं, तिचा पॅच व्हीएमवेअरने फेब्रुवारी २०२१ मध्येच दिला होता. म्हणजे इलाज दोन वर्षं तयार होता, पण तो अनेकांनी लावलाच नव्हता.

म्हणून आपल्या आवृत्तीचं वय माहीत हवं. ईएसएक्सआय ७ चा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा नेहमीचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ लाच संपला आहे. प्रॉक्समॉक्स ९ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं.

अपडेटआधी परतीची वाट

अपडेटची भीती खरी असते, कारण बिघडलं तर मागे कसं यायचं हे ठरलेलं नसतं. ते आधी ठरवा.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो सहसा व्हीएमच्याच साठ्यात राहतो. डिस्क गेली की दोन्ही गेले. व्हीएमवेअरचा सल्लाही असाच आहे की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. खरा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर, आणि त्याची एक प्रत दुसऱ्या इमारतीत हवी. शिवाय बॅकअपमधून एक व्हीएम प्रत्यक्ष उभी करून बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

अपडेटच्या पायऱ्या

१. निकाल, प्रवेश किंवा फी भरण्याची शेवटची तारीख जवळ असेल तर थांबा. शांत दिवस निवडा आणि वापरणाऱ्यांना आधी कळवा.

२. नव्या आवृत्तीची माहिती वाचा. आपलं हार्डवेअर त्यात चालतं का, ते बघा. प्रॉक्समॉक्स ८ वरून ९ वर जाताना आधी तपासणीची तयार स्क्रिप्ट चालवता येते. ती दाखवेल त्या चुका दुरुस्त करूनच पुढे जा.

३. बॅकअप घ्या, तपासा आणि व्हीएम नीट बंद करा. दुसरा होस्ट असेल तर त्या तिकडे हलवा.

४. क्रम पाळा. व्हीएमवेअरमध्ये आधी व्ही-सेंटर, मग ईएसएक्सआय होस्ट, शेवटी व्हीएममधलं टूल्स. होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाकूनच अपडेट करा.

५. प्रॉक्समॉक्सवर सबस्क्रिप्शन नसेल तर अपडेट करताना ४०१ ही चूक येते. सेटिंगमध्ये एंटरप्राइझ रिपॉझिटरी बंद करून 'नो-सबस्क्रिप्शन' जोडा. साधं अपग्रेड न करता पूर्ण अपग्रेड करा, नाहीतर अर्धेच भाग नवे होतात.

६. एकाच वेळी सगळे होस्ट अपडेट करू नका. एक करा, एक-दोन दिवस बघा, मग पुढचा.

सर्व्हर अकोल्यात आणि तुम्ही अमरावतीत?

मग मोठं अपडेट घरबसल्या करण्याआधी विचार करा. कर्नल बदलल्यावर नेटवर्क कार्डाचं नाव बदलू शकतं आणि होस्ट नेटवर्कवरून गायब होतो. अशा वेळी मॉनिटर आणि कीबोर्ड जोडणारा माणूस तिथे लागतो. अमरावती-अकोला दरम्यान २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला, रस्ता चांगला आहे; पण रात्री दोन वाजता गाडी काढायची हौस कोणाला? सर्व्हरमध्ये दूरून स्क्रीन दाखवणारी सोय असेल तर ती आधी तपासून ठेवा, नाहीतर तिथेच जाऊन काम करा.

मोबाईलवरून सर्व्हर बघणं सोयीचं आहे. पण त्यासाठी हायपरव्हायजरचं कंट्रोल पान थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. व्हीपीएन लावा, टू-स्टेप लॉगिन चालू करा.

सराव कुठे करायचा? स्वतःच्या लॅपटॉपवर. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक लिनक्स व्हीएम बनवा, तिची प्रत पेनड्राइव्हवर काढा, मूळ व्हीएम मुद्दाम डिलीट करा आणि प्रतीवरून परत उभी करा. हे दोनदा जमलं की कॉलेजच्या सर्व्हरसमोर बसताना हात थरथरणार नाहीत.