हिरोशिमा मों आमूर : विस्मरणाच्या भयाची प्रेमकथा

फ्रेंच चित्रपटाच्या इतिहासात १९५९ या वर्षाचे स्थान वेगळे आहे. फ्रान्स्वा त्रुफॉ यांना त्यांच्या पहिल्याच चित्रपटासाठी त्या वर्षी कान महोत्सवात दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. त्याच महोत्सवात आलँ रेने या ३६ वर्षांच्या दिग्दर्शकाचा 'हिरोशिमा मों आमूर' हा पहिला कथापटही दाखवला गेला. मात्र तो अधिकृत स्पर्धेबाहेर. विषय अणुबॉम्बचा असल्याने अमेरिका दुखावेल, ही धास्ती त्यामागे होती. रेने यांना हा अनुभव नवा नव्हता. नाझी छळछावण्यांवरचा त्यांचा 'नाइट अँड फॉग' हा माहितीपटही १९५६ साली पश्चिम जर्मनीच्या आक्षेपामुळे याच महोत्सवाच्या स्पर्धेतून बाहेर काढण्यात आला होता. आंतरराष्ट्रीय समीक्षक संघाने मात्र 'हिरोशिमा'ची दखल घेऊन त्याला आपले पारितोषिक दिले.

पहिला कथापट असला तरी रेने यांना नवशिके म्हणता येणार नाही. व्हॅन गॉग या चित्रकारावरील त्यांच्या लघुपटाला ऑस्कर मिळाले होते आणि दहा-बारा वर्षांच्या माहितीपटांचा अनुभव गाठीशी होता. 'हिरोशिमा'ही मुळात माहितीपट म्हणूनच योजला गेला होता. निर्माते आनातोल दोमाँ यांना अणुबॉम्बवर चित्रपट हवा होता आणि त्यात जपानी कंपनीचाही सहभाग होता. मात्र, आपण 'नाइट अँड फॉग'चीच पुनरावृत्ती करीत आहोत, असे रेने यांना काम सुरू झाल्यावर जाणवू लागले. या विनाशाचे चित्रण जपानी माहितीपटांनी आधीच केले होते. मग कथेचा विचार पुढे आला आणि ती एखाद्या लेखिकेने लिहावी असे ठरले. प्रथम फ्रान्स्वाज सागाँ यांचे नाव निघाले; काम अखेर मार्गरित द्युरास यांच्याकडे आले. कॅमेऱ्याचा विचार करू नका, साहित्य लिहा, अशी सूचना रेने यांनी त्यांना केली होती. दिग्दर्शकाने पटकथाकाराला असे सांगणे आजही दुर्मीळच म्हणावे लागेल. या पटकथेला पुढे ऑस्करचे नामांकन मिळाले.

कथानक दोन वाक्यांत सांगता येईल इतके लहान आहे. शांततेविषयीच्या चित्रपटात काम करण्यासाठी हिरोशिमात आलेली एक फ्रेंच अभिनेत्री आणि तेथील एक वास्तुविशारद एक रात्र एकत्र घालवतात. दोघेही विवाहित, आपापल्या संसारात सुखी. आणि ती दुसऱ्या दिवशी मायदेशी परतणार आहे. दोघांना नावे नाहीत.

पण या चित्रपटाला चाकोरीबाहेरचा ठरवणारी गोष्ट पहिल्या पंधरा मिनिटांतच घडते. पडद्यावर दोन देह परस्परांना बिलगलेले दिसतात. त्यांवर राख पडते आहे, की दव, की घाम, हे कळत नाही. ती सांगत असते, की तिने रुग्णालय पाहिले, संग्रहालय पाहिले, वितळलेले लोखंड पाहिले. त्या त्या वेळी ती दृश्ये पडद्यावर येतात. तो मात्र प्रत्येक वेळी शांतपणे नाकारतो. तिने तिथे काहीच पाहिलेले नाही, असे म्हणतो. दुसऱ्याच्या सर्वनाशाची चित्रे पाहून तो आपल्याला कळतो का, हा प्रश्न प्रेमिकांच्या संवादात गुंफला जातो. सहा ऑगस्ट १९४५ विषयी चित्रपट काढणाऱ्याने स्वतःलाच विचारलेला हा प्रश्न आहे.

तिची स्वतःची जखम लुआर नदीकाठच्या नव्हेर या गावातली. युद्धकाळात तिचे एका जर्मन सैनिकावर प्रेम जडले. गाव मुक्त होण्याच्या वेळी त्याला गोळी लागली आणि ती त्याच्या मृतदेहाला कवटाळून पडून राहिली. शत्रूशी संबंध ठेवला म्हणून गावाने तिचे केस भादरले, आईवडिलांनी तिला तळघरात कोंडले. पुढे एका रात्री ती सायकलने पॅरिसला निघाली. तिथे पोहोचली तेव्हा वर्तमानपत्रांत हिरोशिमाची बातमी होती.

हे सारे तिने नवऱ्यालाही सांगितलेले नाही. नदीकाठच्या चहागृहात ती ते या परक्या माणसाला सांगते. तो मेलेल्या सैनिकाच्या जागी उभा राहून प्रश्न विचारतो आणि तीही त्याला 'तू' म्हणत उत्तरे देते. मात्र सांगून झाल्यावर तिला हलके वाटत नाही. उलट, ती गोष्ट सांगण्याजोगी झाली म्हणजे आपण मृताशी प्रतारणा केली, या जाणिवेने ती हादरते. दुःख विसरता न येणे ही यातना खरी; पण ते विसरता येते, ही त्याहून मोठी यातना आहे.

रेने यांची शैली याच आशयातून आली आहे. झोपलेल्या जपानी पुरुषाचा हात किंचित हलतो आणि क्षणभर दुसराच एक हात, मरणाऱ्या माणसाचा, पडद्यावर चमकून जातो. धूसर होत जाणारी चौकट नाही, सूचक संगीत नाही. स्मृती आगाऊ सूचना देऊन येत नसते. आज हे तंत्र जाहिरातींतही दिसते. १९५९ मध्ये प्रेक्षक त्याने गोंधळले होते. जपानमधील छायालेखन मिचिओ ताकाहाशी यांचे, फ्रान्समधील साशा व्हिएर्नी यांचे. हिरोशिमाच्या निऑन दिव्यांच्या रस्त्यांवरून सरकणारा कॅमेरा नव्हेरच्या रस्त्यांवर येतो आणि दोन शहरे जणू एकाच रस्त्याने जोडली जातात. एजी ओकादा यांना फ्रेंच येत नव्हते. त्यांनी संवाद केवळ उच्चारानुसार पाठ केले. ते ऐकताना कळत नाही. याच ओकादांनी हिदेओ सेकिगावा यांच्या 'हिरोशिमा' (१९५३) या जपानी चित्रपटात काम केले होते आणि त्यातील काही दृश्ये रेने यांनी आरंभी वापरली आहेत.

एक आक्षेप मात्र नोंदवायला हवा. त्या पुरुषाचे कुटुंब बॉम्ब पडला तेव्हा हिरोशिमात होते आणि तो स्वतः युद्धावर होता, एवढेच आपल्याला कळते. नव्हेरला तपशील मिळतो, हिरोशिमाला पार्श्वभूमी. हिरोशिमातच जन्मलेले दिग्दर्शक नोबुहिरो सुवा यांनी २००१ मध्ये 'एच स्टोरी'त हा चित्रपट पुन्हा चित्रित करू पाहणाऱ्या चमूची फसगत दाखवली. या उणिवेला दिलेले ते एक उत्तर मानता येईल.

नायिकेच्या भूमिकेतील एमान्युएल रिवा यांचे २०१७ मध्ये निधन झाले. 'आमूर'साठी वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले होते. १९५८ साली चित्रीकरण सुरू होण्यापूर्वीच्या दिवसांत त्या कॅमेरा घेऊन हिरोशिमाच्या गल्ल्यांतून एकट्या हिंडत. त्यांनी टिपलेली मुले, दुकाने आणि नदीकाठची घरे अर्ध्या शतकानंतर पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.