खोताच्या वहीपासून सातबाऱ्यापर्यंत

राज्य बदलले म्हणजे किल्ल्यावरचे निशाण एका दिवसात उतरते. त्या राज्याचे दप्तर बदलावयास मात्र पिढ्या जातात. रायगडाच्या पायथ्यापासून आंबेनळी घाटाच्या तोंडापर्यंत, सावित्रीच्या आणि तिला मिळणाऱ्या लहानमोठ्या नद्यांच्या काठाने पसरलेल्या महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत गेल्या साडेतीनशे वर्षांत जमिनीच्या नोंदी ठेवण्याची पद्धत इतक्या वेळा पालटली, की एकाच खाचराची मोजणी पणजोबाने बिघ्यांत, आजोबाने एकर-गुंठ्यांत आणि नातवाने हेक्टर-आरमध्ये वाचली. या पालटांची कारणे शोधू गेल्यास ध्यानात येते, की जुनी पद्धत सदोष होती म्हणून ती टाकली असे क्वचितच घडले. जुनी पद्धत ज्याच्या हाती होती त्याच्यावाचून राज्यकर्त्याचे अडू लागले, म्हणून ती टाकली गेली.

शिवछत्रपतींच्या काळी अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली जी जमीनपाहणी झाली तिच्या मुळाशी हेच कारण होते. तोपर्यंत गावात किती जमीन लागवडीस आली आणि तिचा वसूल किती यावा, हे देशमुख-देशपांडे सांगतील तेच सरकारने खरे मानावे, असा प्रघात होता. त्याऐवजी पाच हात आणि पाच मुठींची एक काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद अशा चौरसाचा एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर असे मान ठरवून प्रत्यक्ष जमीन मोजली गेली, आणि वतनदाराच्या तोंडी हिशेबाशी ताडून पाहण्यासारखा स्वतंत्र कागद सरकारच्या हाती आला. ज्या रायगडावर राज्याभिषेकाच्या सुमारास राज्यव्यवहारकोश रचून दप्तराच्या परिभाषेचीही फेरमांडणी झाली, त्याच गडाच्या छायेत या दोन तालुक्यांतील गावे आहेत.

परंतु या मुलखाच्या दप्तराचा खरा इतिहास खोतीचा आहे. खोत हा गावाचा ठरलेला वसूल सरकारात भरी आणि त्याच्या मोबदल्यात गावच्या कुळांकडून अर्धेलीने, तिर्धेलीने किंवा रिवाजाप्रमाणे धान्य घेई. देशावर जे काम कुलकर्णी करी ते खोती गावात बहुधा खोताच्याच घरी चाले. सरकारच्या दप्तरात गावाच्या नावापुढे एक रक्कम असे. ती कोणाच्या कोणत्या शेतातून आली, कोणाकडे बाकी राहिली, कोणत्या वरकस जमिनीवर यंदा कोणी नाचणी किंवा वरी केली, हा सारा तपशील मोडी अक्षरांत लिहिलेल्या खोताच्या वहीत, त्याच्या माजघरात. कुळाला ती वाचता येत नसे आणि सरकारला ती मागता येत नसे. वही खोटी होती असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. पुष्कळ खोतांनी ती अत्यंत काटेकोरपणे ठेवली. दोष एवढाच, की खरेखोटे ठरविण्यास तिच्यावाचून दुसरे साधन गावात नव्हते, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची त्याच्याच घरी पुरावा मागावयास जावे लागे.

१८१८ च्या मे महिन्यात रायगड इंग्रजांच्या हाती गेला. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरात जी मोजणीची पद्धत सुरू केली व १८४७ च्या संयुक्त अहवालाने जी नियमबद्ध झाली, तिचे तत्त्व असे, की प्रत्येक शेताला नंबर द्यावा, हद्दीवर दगड रोवावे, आकार ठरवावा आणि कब्जेदाराचे नाव सरकारी कागदावर आणावे. देशावर ही पद्धत तुलनेने सुखाने रुजली, कारण तेथे कब्जेदार सरकारला आधीच ठाऊक होता. कोकणात मात्र मोजणीदार शेतावर उभा राहून जमीन कोण कसतो असे विचारू लागताच खोतवर्गाचा विरोध सुरू झाला. कुळाचे नाव एकदा सरकारी कागदावर चढले म्हणजे तो त्याच्या हक्काचा पुरावा होणार, हे खोतांनी अचूक ओळखले होते. रत्नागिरी जिल्ह्यापुरता या वादावर १८८० च्या खोती कायद्याने काही तोड काढण्यात आली, पण खोत राहिला आणि त्याची वहीही राहिली.

याच महाडात १९२७ साली जो चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, त्याचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, हा योगायोग मुळीच नव्हे. ते विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला. तोवर कुळकायदाही आला होता, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारा तो मालक मानला गेला. येथे दप्तराच्या पालटाची खरी किंमत कळते. ज्याचे नाव कुळ म्हणून नोंदले होते त्याला कायद्याने हात दिला. ज्याच्या तीन पिढ्या त्याच मातीत राबल्या, परंतु ज्याचे नाव खोताच्या वहीतून सरकारी नमुन्यात कधी उतरलेच नाही, त्याच्या हाती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षीवाचून काही उरले नाही. नव्या दप्तरात आलेली चूक पुढेमागे दुरुस्त होऊ शकते. जे जुन्यातून नव्यात आलेच नाही, ते शोधावे कसे?

दरम्यान सरकारी कागदही एकमेकांशी जोडले जात होते. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला आणि १९१३ साली तो जमीन महसुलाच्या मूळ कायद्यात समाविष्ट झाला; पुढे अँडरसन या इंग्रज अधिकाऱ्याच्या नियमपुस्तिकेने गावचे सारे हिशेब एकवीस नमुन्यांत बांधून दिले. त्यांतील सहावा नमुना फेरफाराचा, सातवा अधिकार अभिलेखाचा आणि बारावा पिकांचा. जमीन कोणाची आणि तिच्यात पिकते काय, या दोन निराळ्या प्रश्नांची दोन निराळी उत्तरे एका कागदावर आणून जो सातबारा सिद्ध झाला, तो महाराष्ट्रातील माहिती-एकत्रीकरणाचा सर्वांत यशस्वी प्रयोग होय, असे माझे निश्चित मत आहे. कारण फेरफाराचा क्रमांक सातबाऱ्यावर लिहिलेला असल्यामुळे प्रत्येक नाव तेथे कसे आले, हे मागे मागे जाऊन पाहता येते. मुंबई सरकारने १९१७ साली कारभारात मोडीऐवजी बालबोध लिपी आणण्याचे ठरविल्यावर हे कागद सामान्य साक्षर मनुष्यालाही वाचता येऊ लागले. जुने मोडी फेरफार मात्र पुढच्या पिढ्यांना परके झाले.

संगणकाच्या युगात हाच क्रम पुन्हा सुरू झाला. हस्तलिखित सातबारा संगणकात उतरला, ई-फेरफार आला, दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील दस्तनोंदणी फेरफाराशी जोडली गेली, २०१८ च्या महाराष्ट्रदिनापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकांची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून करावी अशी ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली. त्याच वर्षीच्या जुलैत महाड शहर पुराखाली गेले आणि तळिये गावावर दरड कोसळली. अशा मुलखात कागद केवळ नदीकाठच्या कपाटांत असू नयेत, हे कोणीही मान्य करील. तरीही जुन्या सातबाऱ्यांवरील आणेपैचे हिस्से, सामाईक खाती आणि इतर हक्कांतील कुळांची नावे नव्या चौकटीत बसविताना चुका झाल्या, आणि त्या निस्तरण्यासाठी सरकारला गावोगाव चावडी वाचन करावे लागले. या साऱ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही चावडी. गावासमोर मोठ्याने वाचल्यावाचून कोणतेही दप्तर पुरे झाले असे मानू नये.

मोठमोठ्या व्यापारी कंपन्या विक्री, कोठार आणि हिशेब यांची विखुरलेली माहिती एकत्र आणणारी साधने आज वारंवार बदलतात, त्यांची कारणेही याहून फारशी निराळी नाहीत. माहिती वाढेल तसे साधनाचे भाडे वाढते. साधन जाणणारा एकच अभियंता असतो आणि तो नोकरी सोडतो. नव्या साधनाशी जुने बोलत नाही. किंवा साधनाचा मालकच बदलतो. अशी साधने बनविणारी टॅलेंड ही कंपनी २०२३ साली क्लिक या दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि तिचे ‘ओपन स्टुडिओ’ हे विनामूल्य साधन ३१ जानेवारी २०२४ पासून बंद झाले, तेव्हा त्यावर विसंबलेल्यांना दुसरा आश्रय शोधणे भाग पडले. आपली माहिती ज्याच्या वहीत, त्याच्या मर्जीने चालावे लागते, ही कुळाची जुनी व्यथा त्यांच्याही वाट्यास आली. भेद इतकाच, की कंपनी आपले साधन स्वतः निवडते आणि स्थलांतरापूर्वी दोन्हींतले आकडे ताडून पाहते. पोलादपूरच्या डोंगरातील खातेदाराला ना निवड होती, ना ताळा.

तो ताळा आता त्यानेच घ्यावयाचा आहे. महाड-पोलादपूरची असंख्य घरे मुंबईत नांदतात. गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाणाऱ्या वाचकांनी तालुक्याच्या अभिलेख कक्षातून आपल्या गटांचे जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार यांच्या नकला काढाव्या, मोडी असतील ते जाणकाराकडून वाचून घ्यावे, आणि आजच्या संगणकीय उताऱ्याशी नाव, क्षेत्र व इतर हक्क ओळीओळीने ताडून पाहावे. लेखनप्रमाद आढळल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ अन्वये तो दुरुस्त करून मागता येतो. घरात जुनी खोती वही निघाली, तर ती रद्दीत घालू नये; तिच्यात दुसऱ्या कुणाच्या तरी आजोबाचे नाव असेल.