तळटीप : ‘फुलं उदंड, फळं मोजकी’

७. मुरुमच्या सीताफळांबद्दल लेखकाची ही तक्रार रास्त आहे, पण दोष झाडाचा नाही. या फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात. मात्र स्त्रीकेसर आधी पक्व होतात. तेव्हा तीन जाड, हिरवट पाकळ्या जेमतेम किलकिल्या झालेल्या असतात. त्या पुऱ्या उघडून पराग सुटतात, तोवर स्त्रीकेसर सुकू लागलेले असतात. स्वपरागण टाळण्याची ही उपजत रीत. पराग इकडून तिकडे नेतात ते मुख्यतः बारीक भुंगेरे. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत स्त्रीकेसर लवकर वाळतात, म्हणून पहिला बहर बराचसा गळतो. फळावरचा एकेक डोळा म्हणजे एकेक स्त्रीकेसर. काही फलित झाले नाहीत की फळ वाकडे भरते. परपरागणामुळे बालाघाटातली बियांपासून उगवलेली झाडे एकसारखी निघत नाहीत. हमखास गुण हवा तर कलमच लावावे.